माझं दारूचं परमिट

आमच्या अख्ख्या खानदानात दारू पिण्याचं सरकारी परमिट एकट्या माझ्याकडे आहे. तेही साधंसुधं नाही, आजीवन. त्यावर माझा फोटो आहे. कुंकू ठसठशीत, पदर दोन्ही खांद्यांवर, आणि तोंड असं की समोरच्याला आत्ताच झापलंय. झापलंच होतं. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा." मेल्या, दारूच्या परमिटावर कोण हसतं?

कुणी भलतासलता समज करून घेण्याआधी सांगून टाकते. मी वनमाला, राहणार दिंडोशी, तिसरा मजला, लिफ्ट बंद. माझ्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब कधी आला नाही. कॉलनीच्या नाक्यावर बार निघाला होता, तेव्हा बायका गोळा करून हातात लाटणं घेऊन सगळ्यांच्या पुढे कोण उभं राहिलं? मीच. आज तिथे पोळीभाजी केंद्र आहे. पोळ्या कच्च्या असतात, त्यासाठी पण एकदा जायचंय लाटणं घेऊन, पण ते नंतर. शाळा माझी चौथीपर्यंत. पाचवीत गेले असते तर मास्तरांचं काही खरं नव्हतं, असं माझा भाऊ सांगतो.

तर हे सगळं झालं एका रविवारापायी. श्रावण लागायच्या आधीचा रविवार. लोक त्याला गटारी म्हणतात, मला तो शब्द तोंडात घ्यायला आवडत नाही, पण दुसरा कुणाला कळत नाही. श्रावणभर मटण-मासे बंद, म्हणून त्या रविवारी सगळ्या घराने जमून कोंबडी-वडे खायचे. ते खायचे माझ्या घरी. मुलगा निलेश, सून श्वेता आणि नात श्रुतिका मरोळला राहतात. ती तिघं सकाळीच यायची आणि संध्याकाळी पोटं धरून जायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग तो रविवार पवईला पळाला.

पवईला श्वेताचे आईवडील राहतात. नंदकिशोरराव आणि कुंदाताई. माणसं चांगली आहेत, उगाच खोटं कशाला बोलू. पण व्याही रिटायर झाल्यावर नाशिककडे कुठेतरी द्राक्षांचे मळे बघायला गेले. तिथे त्यांना कुणीतरी ग्लास गोल फिरवून नाक आत घालायला शिकवलं. तेव्हापासून त्यांच्याकडे जेवताना वाइन असते. दोन वर्षं गटारीचं जेवण तिथेच. आमंत्रण मलाही होतं, अगदी मानाचं. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण ते पवईला जास्त दुखतात असं काही नाही.

आमचे हे, चंद्रप्रकाश, मिलमध्ये होते तेव्हापासून माझ्या शब्दाबाहेर नाहीत. पण पवईचं नाव काढलं की पायात चप्पल सगळ्यात आधी यांची. संध्याकाळी परत यायचे ते बडीशेप चावत. एवढी बडीशेप कुणी खातं का? मी काही विचारायचे नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मागच्या वर्षी त्या रविवारी मी वडे तळले. एकटीसाठी चार पुरले असते, पण हाताला सवय सगळ्यांची. परात भरली. मग टीव्ही मोठा करून ठेवला, म्हणजे समोरच्या सुलक्षणाला वाटावं की घर भरलंय. निलेशला फोनवर सांगितलं, सुलक्षणा जेवायला आलीय, फार मजा आली. आणि मग तीन दिवस आम्ही दोघांनी शिळे वडे चहात बुडवून खाल्ले.

यंदा आषाढ निम्मा संपला तेव्हा मी श्रुतिकाला आडून विचारलं, काय गं, काय असतं एवढं पवईला? ती पोरगी माझ्यावर गेलीय, तोंडाला कुलूप नाही. म्हणाली, "आजी, रागवू नकोस हां. तिकडे सगळे निवांत असतात गं. थोडी थोडी वाइन घेतात, दोन-दोन तास गप्पा मारतात. तुझ्याकडे आजोबा ताक पितात आणि तू पुढचा वडा घेऊन डोक्यावर उभी असतेस."

मला दोन दिवस झोप नाही. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं. वाइन पाहिजे ना? वाइन मिळेल. माझ्या घरी, माझ्या हाताने.

माझ्या तत्त्वाचं काय, असं तुम्ही विचाराल. तत्त्वाला मी एक खिडकी शोधून काढली. आमच्या गावाला शिवेवर राखणदार आहे, माणूस नव्हे, देव. घराची, गुराढोरांची राखण करतो. त्याला वर्षातून एकदा वडे-सागोती, विडी आणि दारूची बाटली द्यावीच लागते. ती बाटली मी स्वतः नेऊन ठेवलेली आहे. म्हणजे राखणदाराची दारू ती दारू नव्हे, तो मान. पहिला वाटा त्याचा काढला, तर मागे उरतो तो प्रसाद. प्रसादाला कुणी नाही म्हणतं का?

मी कुंदाताईंना फोन लावला. "यंदा आमच्याकडे. वाइनसकट." "वाइनसकट?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "अहो, वाइन आम्ही घेऊन येऊ ना." मी म्हटलं, "पाहुण्यांनी पाणी घरून आणायची पद्धत आमच्यात नाही." आणि फोन ठेवून दिला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की वाइन कुठे मिळते, केवढी मिळते, कशी दिसते, यातलं मला काहीच माहीत नाही.

सुलक्षणा आमच्याच बाजूची, देवगडकडची. तिला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. "गो वनमाला, तुका खूळ लागला काय?" मग जरा विचार करून म्हणाली, "तशी वाइन म्हणजे दारू न्हय म्हणा. फळांचो रसच तो. जरा बिघडलेलो, इतक्याच." सुलक्षणाचं हे एक बरं आहे. तिला कशातलंच काही माहीत नसतं, पण अडत नाही.

हे आम्ही जिन्यात बोलत होतो आणि तिथूनच विद्याधर वर चढत होते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दिंडोशीच्या कोर्टात कारकून होते, त्यामुळे त्यांना कायदा येतो असं त्यांना वाटतं. म्हणाले, "वहिनी, परमिट काढलंत का?"

"कसलं परमिट?"

"दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परमिट लागतं. कायदा आहे."

"अहो, मग ते नाक्यावर रोज रात्री गटारात पडतात त्यांच्याकडे परमिट असतं?"

"नसतं. पण ते सोसायटीचे मेंबर नाहीत."

आता माझ्या जागी दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं. पण ज्या बाईने नाक्यावरचा बार बंद पाडला, ती बिनपरमिटाची बाटली घेऊन जिना चढणार? विद्याधरांनी ते महिला मंडळाच्या फळ्यावर लिहिलं असतं. मी म्हटलं, काढते परमिट. तुम्हालाच दाखवते.

आमच्याकडे सरकारी काम म्हणजे नितेश झेरॉक्सवाला. आधार, पॅन, लाइटबिल, सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर होतं. शुक्रवारी सकाळी गेले तर दुकानात माझ्याच भजनी मंडळाच्या बायका, अभंगांच्या झेरॉक्स काढत उभ्या. मी नितेशच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं. त्या मुलाचा आवाज म्हणजे मंडपातला भोंगा. "आजी, दारूचं परमिट ना? एक दिवसाचं की आजीवन?"

मंडळातल्या एकीच्या हातातून टाळांची पिशवी पडली. दुकानात तो आवाज अजून घुमत असेल.

"एक दिवसाचं," मी म्हटलं. "आणि हळू बोल, मी बहिरी नाही."

त्याने खटाखट काहीतरी बडवलं. म्हणाला, "झालं. आरोग्य राखण्यासाठी, असं येतंय यात."

"माझ्या आरोग्याला काय धाड भरलीय? लिही, पाहुण्यांसाठी."

"तसं नाही येत ना आजी. आरोग्यासाठीच द्यायची पद्धत आहे. आणि ज्याचं परमिट त्यानेच प्यायची."

म्हणजे सरकारच्या हिशेबाने मी आजारी, आणि औषध म्हणून बाटली घेणार. भजनी मंडळाच्या बायका मागून माझ्या पाठीकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने तर "काय होतंय तुम्हाला वनमालाताई?" असं इतक्या मायेने विचारलं की तिला थोबाडीत द्यावीशी वाटली.

कागद घेऊन मी तडक वाइन शॉपला. गटारीच्या आधीचा शुक्रवार, रांग रस्त्यापर्यंत आलेली आणि रांगेत बाई मी एकटी. पण एक सांगते, त्या रांगेसारखी सभ्य रांग मी रेशनवर सुद्धा बघितलेली नाही. "आजींना पुढे जाऊ द्या रे," म्हणत सगळे बाजूला झाले. मला कुणाचे उपकार नको होते, पण डोक्यावर पदर घेऊन लपण्यापेक्षा लवकर सुटका बरी. तेवढ्यात एक जण माझ्याकडे बघतच राहिला. मीही ओळखला. बारच्या दारातून ज्याला लाटणं दाखवून घरी पाठवला होता, तो.

"मावशी? तुम्ही?"

"राखणदारासाठी," मी म्हटलं.

त्याने हात जोडले. मला नाही, राखणदाराला.

दुकानदार म्हणाला, रेड की व्हाइट? मी म्हटलं, लाल. म्हणाला, ड्राय की स्वीट? मी म्हटलं, सुकी कशाला, बोंबील आहे का? त्यालाही मग पुढे काही विचारायचा धीर झाला नाही. एक उंच, काळपट लाल बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने हातात दिली. मी परमिट पुढे केलं तर त्याने असं बघितलं, जणू मी त्याला लग्नाची पत्रिका देतेय.

जिन्यात विद्याधर. मी कागद त्यांच्या नाकासमोर धरला. चष्मा लावून त्यांनी वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाले, "वहिनी, हे आजचं आहे."

"आज काढलं, आजचंच असणार."

"जेवण रविवारी. म्हणजे उद्या आणि परवा बाटली तुमच्याकडे बेकायदेशीर. नाहीतर आजच प्यावी लागेल."

मी परत नितेशकडे. त्याच दुकानात त्याच बायका, अभंगांची पानं जुळवत बसलेल्या. आता ऐकायचं ते एकदा ऐकून झालं होतं, म्हणून मीच मोठ्याने सांगितलं, "काढ बाबा, आजीवन." नितेश म्हणाला, ते यायला थोडे दिवस लागतील, फोटो लागेल. तो फोटो कसा निघाला ते वर सांगितलंच आहे.

म्हणजे शनिवारी सकाळी परिस्थिती अशी, की माझ्या ओट्यावर बाटली होती आणि परमिट वाटेत होतं. त्यात मला नवीन काळजी लागली. बाटली उघडायची कशी? तिला झाकण नव्हतं, लाकडाचं बूच होतं, आणि ते गळ्यात असं रुतलेलं की नखसुद्धा जात नव्हतं. रविवारी व्याह्यांसमोर मी बाटलीशी कुस्ती खेळणार का? म्हटलं, आजच उघडून ठेवू.

हे पेपराआडून म्हणाले, "त्याला ते मळसूत्रासारखं असतं. पिळायचं आणि ओढायचं."

"तुम्हाला बरं माहीत!"

पेपर पुन्हा वर गेला.

सुलक्षणा म्हणाली, बूच बाहेर येत नसेल तर आत ढकल. तिच्या आयुष्यात एवढा एकच सल्ला तिने बरोबर दिला असेल आणि तोच नेमका मी ऐकला. लाटण्याचं टोक लावलं, वरून वरवंटा ठोकला. पहिल्या ठोक्याला काही नाही. दुसऱ्या ठोक्याला बूच आत गेलं आणि त्याच्या जागी वाइन बाहेर आली, सरळ वर. छताला लागली, तिथून कालनिर्णयावर, तिथून माझ्या गाऊनवर आणि सुलक्षणाच्या नुकत्या धुतलेल्या केसांवर. त्या बाईच्या अंगाला दोन दिवस वास येत होता आणि ती सगळ्यांना सांगत होती, वनमालाकडे गेले होते.

उरलेल्या बाटलीत बूच तरंगत होतं आणि त्याचा भुगाही. ही बाटली व्याह्यांपुढे ठेवायची? मग ती मी चहाच्या गाळणीने गाळली. कशात गाळली, हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

माझा दीर गावाहून दरवर्षी आगळ पाठवतो. आगळ म्हणजे मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस, सोलकढीला लागतो तो. पाठवतो तो दारूच्या रिकाम्या बाटल्यांतून. कोकणातून आगळ दुसऱ्या कशातून आलेलं मी बघितलेलं नाही. एवढ्या बाटल्या रिकाम्या कशा होतात, हे मी दिराला विचारत नाही, तोही सांगत नाही. तर थेंबही नसलेल्या माझ्या घरात बाटल्या कायम. त्या दिवशी दोन होत्या, सारख्याच, लेबल खरवडून काढलेल्या. एक आगळाने भरलेली, फ्रिजच्या दारात. दुसरी रिकामी, धुतलेली. वाइन मी त्या रिकामीत गाळली आणि फ्रिजच्या दारात आगळाशेजारी ठेवली. रंगाला दोन्ही बहिणी बहिणी. त्यातून विद्याधर आलेच तपासायला तर म्हणायचं, आगळ आहे, घ्या, वास घ्या.

आणि कुणाला सांगितलं नाही. सुलक्षणा घरी केस धुवायला गेली होती. यांना सांगायचं तर बूच आत गेल्याचं पुन्हा बोलावं लागलं असतं. निलेश-श्वेताला तर नाहीच. आईला बाटली उघडता आली नाही, हे पवईपर्यंत जायला किती वेळ लागतो?

रविवारी सकाळी आंघोळ करून आधी राखणदाराचा वाटा काढला. करवंटीत दोन घोट वाइन, शेजारी विडी, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. गावाच्या दिशेने हात जोडले आणि सांगितलं, "बाबा, माझा रविवार मला परत दे. बाकी काय नको." एवढं म्हणून वळते तो वड्यांचं पीठ फुगून पातेल्याबाहेर यायला लागलेलं. मी धावले. वाइनची बाटली तिथेच ओट्यावर राहिली, खोवलेल्या नारळाच्या शेजारी.

नऊ वाजता मरोळची तिघं आली. श्वेता हात धुऊन म्हणाली, "आई, सोलकढी मी करू?" सून कामाला पुढे आली की सासूने मागे बघू नये, असं माझं मत आहे. मी कढईपाशी होते, तेल तापलेलं, मागे बघितलंच नाही. म्हटलं, "कर. नारळ ओट्यावर आहे." तिने नारळाचं दूध काढलं, लसूण-मिरची ठेचून घातली. नारळाशेजारी आगळाची बाटली होतीच. म्हणजे तिच्या दृष्टीने.

थोड्या वेळाने म्हणाली, "आई, रंग जरा वेगळाच येतोय. चाखून बघू?"

"राखणदाराला ताट दाखवल्याशिवाय या घरात कुणी चाखायचं नाही!"

"मग फिका वाटतोय."

"फिका वाटतोय तर घाल अजून. हात आखडू नकोस, गावचं आगळ आहे, पवईचं नाही."

तिने हात आखडला नाही.

बारा वाजता पवईकर आले. नंदकिशोरराव कडक इस्त्रीच्या कुर्त्यात, कुंदाताई मोरपंखी साडीत. सुलक्षणाकडून आणलेले दांडीचे ग्लास मी मांडून ठेवले होते. ते फालुद्याचे होते हे मला मागाहून कळलं. पाटावरून ताट राखणदाराला दाखवलं, सगळे बसले, आणि मी ज्या क्षणासाठी एवढा अपमान गिळला होता तो क्षण आला. मी कढईपाशी उभी राहून, अगदी रोजचं असल्यासारखं म्हटलं, "निलेश, फ्रिजच्या दारात बाटली आहे. वाइन आण बघू."

फ्रिजच्या दारात एकच बाटली होती. त्याने ती आणली.

"लेबल नाही?" नंदकिशोररावांनी विचारलं.

"घरच्या माणसाच्या छातीवर नावाची पाटी लावतात का?" मी म्हटलं. सगळे हसले. मला वाटलं, जिंकले.

ग्लास भरले. मी घेतली नाही, माझं तत्त्व. मी माझी वाटीभर सोलकढी घेऊन बसले आणि व्याह्यांचं तोंड बघत राहिले. त्यांनी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले, एक मोठा घोट घेतला. डोळे उघडले ते जरा जास्तच उघडले.

"हं," ते म्हणाले. ग्लास खिडकीच्या उजेडात धरून बघितला. "फारच वेगळी आहे. यात... समुद्र आहे."

"आहेच," मी म्हटलं. "आमचा गाव समुद्रालाच लागून आहे."

कुंदाताईंनी ओठ लावला आणि त्यांच्या एका डोळ्यातून पाणी आलं. मला वाटलं, भरून आलं. निलेशने घोट घेतला आणि तो आधी माझ्याकडे, मग आपल्या बापाकडे बघायला लागला. बापाने अगदी हळू मान हलवली, नाही अशी, आणि आपला ग्लास एका दमात संपवला. श्रुतिकाला ठसका लागला. माझ्या मनात आलं, बघा, वाइन म्हणजे काय ते आज कळलं यांना.

"अजून देऊ?"

"नको नको," सगळे एकदम. "सोलकढी द्या."

आणि काय सांगू, त्या दिवशी सोलकढी अशी खपली की बस. कुंदाताईंनी तीन वाट्या घेतल्या. नंदकिशोरराव म्हणाले, "विहीणबाई, या सोलकढीला तोड नाही. काय चव आहे, काय तिखटपणा, आणि मागून एक ऊब येते." मी पण चाखून बघितली आणि श्वेताला लग्नानंतर पहिल्यांदाच म्हटलं, हाताला चव आहे गं तुझ्या. तिचा हातातला वडा खाली पडला. मी दुसरी वाटी घेतली. मग तिसरी. घर छान दिसायला लागलं. छतावरचा कालचा डाग मला जास्वंदीसारखा दिसला.

तेवढ्यात विद्याधर आले. पवईकरांची गाडी कुणाच्या तरी जागेवर लागली होती. मी म्हटलं, "गाडी जाईल कुठे? बसा." त्यांनी आधी ओट्यावर, फ्रिजवर नजर फिरवली आणि मग बसले. त्यांनाही सोलकढी दिली. दोन वाट्यांनंतर ते म्हणाले की गाडी आहे तिथे बरी आहे. तिसरीनंतर त्यांनी अभंग लावला. आवाज चांगला आहे हो, इतकी वर्षं नुसत्या नोटिसा लावण्यात वाया घालवला.

माझी जीभ तशी सैलच, पण त्या दिवशी तिला चाकं लागली. आधी मी कुंदाताईंना म्हटलं, तुमची साडी मला आल्यापासून आवडलीय, मुद्दाम बोलत नव्हते. मग म्हटलं, तुमच्या घरातून तळं दिसतं म्हणे, मला बघायचंय. आणि मग, कशी काय, पण निघूनच गेलं तोंडातून.

"तुम्ही माझा रविवार पळवलात."

अभंग थांबला.

"मागच्या वर्षी मी इथे एकटी होते," मी म्हटलं. "परातभर वडे तळले. टीव्ही मोठा करून ठेवला, बाहेर वाटावं घर भरलंय म्हणून. मला वाइनचं काय? माझी माणसं पाहिजेत मला. ती बाटली पिऊन आली तरी चालतील, पण आली पाहिजेत."

निलेश म्हणाला, "आई, तू तर म्हणालीस सुलक्षणामावशी जेवायला होत्या."

"खोटं बोलले."

"मग आमच्याबरोबर आली का नाहीस?"

"बोलावलं होतंत, ओढून नेलं नव्हतंत!"

कुंदाताई उठून माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या, मोरपंखी साडीसकट. म्हणाल्या, "मला वाटायचं, आमच्याकडे यायला तुम्हाला कमीपणा वाटतो."

"वाटतोच!"

त्या हसल्या, मग मी हसले. हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते कांद्यावर ढकललं, कांदा ताटात नव्हता तरी. त्या म्हणाल्या, "आता मीही खरं सांगते. मला ती वाइन आवडतच नाही. यांच्यासाठी घेते. आणि तुमची तर, वनमालाताई, राग नका मानू... भयंकर खारट आहे हो."

"खारट?" मी म्हटलं. "वाइन खारट कशी असेल?"

नंदकिशोरराव घसा साफ करत म्हणाले, "खारट म्हणजे, त्यात समुद्राचा जो..."

"आगळ आहे ते," आमचे हे म्हणाले. अख्ख्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा ग्लास रिकामा होता. निलेशचाही. खारवलेलं कोकम, नुसतं, पाण्याशिवाय, दांडीच्या ग्लासातून पिऊन माणसं गुपचूप बसली होती.

"तुम्हाला कळलं होतं? मग बोललात का नाही?"

"तू वाढलंस ना," ते म्हणाले.

चाळीस वर्षं या माणसाला ताक पाजलं मी.

मग श्रुतिकाने विचारलं, "पण आजी, हे आगळ, तर वाइन कुठाय?"

सगळ्यांनी सोलकढीच्या पातेल्याकडे बघितलं. पातेलं पुसून घेतल्यासारखं स्वच्छ होतं. शेवटची वाटी विद्याधरांच्या हातात होती. त्यांनी तिच्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, कायद्याचा क्षणभर विचार केला आणि पिऊन टाकली.

मला वाटलं, आता हसतील आणि मी मरेन. हसले तर खरेच. नंदकिशोरराव तर मांडीवर थापा मारत हसले, म्हणाले, "म्हणजे समुद्र मला बरोबर लागला होता!" पण मी काही मेले नाही. उलट उठून उरलेले वडे तळायला घेतले तर श्वेताने माझ्या हातातून झारा काढून घेतला. म्हणाली, "आई, तुम्ही बसा. गप्पा मारा." आणि मी बसले. कुणाच्या डोक्यावर न उभी राहता, सगळ्यांच्या बरोबरीने, चार वाजेपर्यंत. मग कुंदाताई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या आणि विद्याधरांना समोरून सुलक्षणाने येऊन धरून घरी नेलं.

पुढच्या महिन्यात परमिट आलं. ते मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलंय. पवईला कुणाकडेच नाही, मी चौकशी करून घेतलीय. विद्याधरांना विचारून कुंदाताईंना फोन केला आणि सांगितलं, कायद्याने बघितलं तर गटारीचं जेवण आता दरवर्षी दिंडोशीलाच करावं लागेल, दुसरा मार्ग नाही. त्या म्हणाल्या, "बरं बाई. पण ती सोलकढी पाहिजे हां." मी म्हटलं, तत्त्व म्हणून काही आहे की नाही माझं? मग म्हटलं, करू, राखणदाराला विचारून.

कधीमधी परमिट काढून बघते. चौथी शिकले तरी छापलेलं वाचता येतं मला. आरोग्य राखण्यासाठी, असंच लिहिलंय. नितेशला मी म्हणाले होते, मला काही झालेलं नाही. झालं होतं, पण ते मला माहीत नव्हतं आणि त्या कॉम्प्युटरला होतं. फक्त माझा फोटो तेवढा बदलून घ्यायचाय. फोटोवाला म्हणाला होता ते खरं, जरा हसायला पाहिजे होतं.